यादवीआधीचं रक्त

प्रश्न : नातीच्या पुस्तकात ‘रक्तबंबाळ कॅन्सस’ असं वाचलं. अमेरिकेतली यादवी १८६१ची, मग हे रक्त आधीच कसं सांडलं?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, कॅन्सस तेव्हा अजून राज्य झालं नव्हतं; तिथे गुलामगिरी ठेवायची की नाही, हे १८५४च्या कायद्याने तिथल्या वसाहतवाल्यांच्या मतांवर सोडलं. झालं! मार्च १८५५च्या निवडणुकीला शेजारच्या मिसूरी या गुलामगिरीच्या राज्यातून हत्यारबंद टोळ्या मतं टाकायला घुसल्या. मतदार २,९०५, मतं पडली सहा हजारांवर. (आमच्या चाळीच्या कमिटीतही एकदा बिऱ्हाडांपेक्षा मतं जास्त निघाली होती, निदान बंदुका नव्हत्या.) मे १८५६मध्ये गुलामगिरीवाल्यांनी विरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं, हॉटेल जाळलं. तीनच दिवसांनी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याच्या माणसांनी गुलामगिरीवाल्यांपैकी पाच जणांना घराबाहेर ओढून तलवारींनी कापलं. कॅन्सस गुलामीमुक्त राज्य झालं ते २९ जानेवारी १८६१ला.