शर्ट अंगात नीट बसत नाही? वाचकांच्या शंका, आमची उत्तरं

या महिन्यात नाशिक आणि आसपासहून आलेल्या शिवणाच्या बहुतेक शंका बटणांच्या शर्टाबद्दल आहेत.

शंका (सातपूर): स्वतःसाठी पूर्ण बाहीचा शर्ट शिवला. छाती ४० इंच, तयार शर्टाचा घेर ४५ इंच. उभं राहिलं की छान दिसतो, पण हात वर केला की सगळा शर्ट पँटमधून बाहेर येतो आणि दुचाकी चालवताना पाठीत ताणतो. मुंढा (बाही जोडायची गोलाकार कापलेली जागा) घट्ट असेल म्हणून अर्धा इंच खोल केला, तर त्रास वाढला. असं का?

उत्तर: मुंढा खोल केला म्हणूनच त्रास वाढला. ही चूक अनुभवी हातांकडूनही होते, कारण आवळल्यासारखं वाटलं की कापून मोकळं करावं असंच कुणालाही वाटतं. पण बाही बगलेपासून जितकी खाली जोडलेली असेल, तितकी ती हात उचलताना शर्टाची बाजू सोबत ओढून नेते. मुंढा बगलेजवळ असला, तर हात फिरतो आणि शर्ट जागेवर राहतो. बगलेत पट्टी आडवी धरा, हात खाली सोडा आणि पट्टीच्या वरच्या कडेला खूण करा. मुंढ्याचा तळ या खुणेच्या साधारण एक इंच खाली हवा. तुमचा दोन-अडीच इंच खाली गेलेला असणार.

दुसरं कारण बाहीत असू शकतं. बाही कागदावर पसरा आणि दोन्ही बगलटोकं जोडणारी आडवी रेघ मारा. त्या रेघेपासून वरच्या गोलाईच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. तुमच्या मापाला साडेचार ते पाच इंच पुरे. सहा-साडेसहा भरलं, तर ती कोटाची बाही झाली: हात खाली असताना सुरेख दिसते, उचलला की अडते. माथा अर्धा इंच उतरवा आणि बाहीची रुंदी तेवढी वाढवा की गोलाईची लांबी मुंढ्याशी जुळेल. दोन्ही मापं टीप जिथे पडणार त्या रेघेवर घ्या, कापडाच्या कडेवर नको. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा फार तर अर्धा इंच जास्त चालते. त्याहून जास्त झाली की खांद्यावर चुण्या पडतात.

पाठीतल्या ताणासाठी योकखाली (खांद्यामागच्या आडव्या तुकड्याखाली) एक-एक इंचाच्या दोन चुण्या घाला, त्याही मध्यभागी न घालता पाठीच्या हाडांच्या वर. हँडल धरायला हात पुढे नेताना पाठ तिथेच रुंदावते. मात्र घेर ४५ चा ४८ केला तरी हात उचलताना शर्ट वर येणं थांबणार नाही.

शिवून झालेल्या शर्टाचा मुंढा वर घेता येत नाही, कापड कापून गेलेलं असतं. बगलेत झब्ब्याला असतो तसा तीन इंची चौकोनी तुकडा (माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, वेगळी) घातला, तर हा शर्ट वापरात येईल. हात खाली असताना तो दिसत नाही.

शंका (सिन्नर): आधी मांजरपाटावर शिवून पाहा, असं सगळे सांगतात. एवढा वेळ घालवणं खरंच गरजेचं आहे का?

उत्तर: पहिल्या शर्टाला हो, आणि यात आम्ही सूट देणार नाही. मालेगावच्या मागांमुळे आपल्या जिल्ह्यात साधं सुती कापड मिळायला अडचण नाही. ते धुऊन इस्त्री करून घ्या, कारण कोऱ्या कापडाची खळ आकार फसवते. खिसा, कफ, कॉलर काही नको. पुढचे दोन भाग, पाठ, योक, कॉलरची उभी पट्टी आणि एकच बाही पुरे. खांद्याला आणि बाजूंना एक-एक इंच माया ठेवा. टाका चार-पाच मिलिमीटरचा, म्हणजे उसवायला सोपा. कापडावर छातीची आडवी रेघ आणि पाठीची मधली उभी रेघ पेन्सिलने मारा. अंगात घालून बटणपट्टी टाचण्यांनी बंद करा आणि आरशासमोर उभं राहा.

आडवी रेघ जमिनीला समांतर दिसायला हवी. ती जिथे वर-खाली होते, तिथे दोष आहे. गळ्याजवळून बगलेकडे तिरप्या वळ्या पडत असतील, तर खांदे उतरते आहेत. खांद्याच्या टोकाला जेवढं कापड चिमटीत येतं तेवढं आत घ्या, गळ्याकडे शून्य करत न्या. पुढून-मागून पाव-पाव इंच घेतलं, तर मुंढ्याचा तळही पाव इंच उतरवा. इथे मुंढा मोठा होत नाही, पूर्वीचं माप फक्त कायम राहतं. उलट मानेमागे, कॉलरखाली आडवी घडी पडली, तर खांदे चौकोनी आहेत. टोकाकडची माया पाव इंच मोकळी करा.

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांच्या पाठीला अनेकदा बाक येतो. शर्ट मागे सरकतो, गळा पुढून आवळतो आणि पाठीची खालची कड उचलली जाते. पाठीचा तुकडा योकला जोडतो त्या कडेवर मधोमध अर्धा इंच वाढवा, मुंढ्याकडे शून्यावर आणा. पोट असेल, तर फक्त पुढच्या भागांत रुंदी वाढवा आणि पुढची मधली उंचीही अर्धा-पाऊण इंच वाढवा. चारही बाजूंनी सारखं वाढवलं की पाठीत झोळ येतो.

एका वेळी एकच बदल करा, पुन्हा घाला, पुन्हा पाहा. एक खांदा खाली असलेल्यांनी दोन्ही बाजू वेगळ्या बेतायला संकोचू नये. असं फार जणांचं असतं.

शंका (पंचवटी): पहिल्याच धुण्यात कॉलरवर फुगे आले आणि टोकं वर वळली. चिकटणारं बकरम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड) चांगल्यातलं वापरलं होतं.

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत. फुगे आले म्हणजे बकरम आणि कापड वेगवेगळं आटलं किंवा बकरम नीट चिकटलंच नव्हतं. कापड आधी धुवा. सुती बकरम कोमट पाण्यात भिजवून न पिळता सपाट वाळवा, त्यावर इस्त्री फिरवू नका. चिकटवताना इस्त्री सरकवायची नाही. ठेवायची, दहा-बारा सेकंद दाबायची, उचलून शेजारी ठेवायची. पूर्ण गार होईपर्यंत कॉलर हलवू नका, कारण चिकट थर गार होतानाच धरतो.

टोकं वर वळली, कारण कॉलरचे वरचा आणि खालचा असे दोन्ही तुकडे एकाच मापाचे होते. मानेभोवती वळताना वरच्या तुकड्याला जास्त अंतर जावं लागतं. खालचा तुकडा बाहेरच्या तिन्ही कडांना दोन मिलिमीटर छाटा आणि कडा जुळवून शिवा. शिवण आपोआप खाली वळेल. टोकावर सुई थेट काटकोनात वळवू नका. एक टाका तिरपा घ्या आणि माया तीन मिलिमीटरवर कापा, म्हणजे टोक उलटताना आत गाठ राहत नाही.

शंका (देवळाली कॅम्प): माझ्या शर्टाची बटणं छातीपाशी फाकतात. घेर पुरेसा आहे.

उत्तर: बटणांची जागा गळ्यापासून मोजत आला असाल. पहिलं बटण छातीच्या सर्वांत भरलेल्या रेघेवर ठरवा, मग तिथून वर-खाली तीन-सव्वातीन इंचांवर बाकीची. तरीही फाकलं, तर पुढच्या भागाला रुंदी कमी पडते आहे. ती बाजूच्या टकमधून द्या, पाठ रुंद करून नव्हे. शर्टाच्या १८ लाइनच्या बटणाला (साधारण साडेअकरा मिलिमीटर) तेरा मिलिमीटरचं काज बसतं. आधी तितक्याच थरांच्या, बकरम लावलेल्या चिंधीवर एक काज करून बटण घालून पाहा.

शंका (इंदिरानगर): मेन रोडवरून ५८ इंची पन्ह्याचं सुती पॉपलिन १.६० मीटर आणलं आहे. पूर्ण बाहीला पुरेल का?

उत्तर: मध्यम बांध्याला पुरेल, पण धुतल्यावर पुन्हा मोजा. नवं सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतं. पट्ट्यापट्ट्यांचं किंवा चौकड्याचं असेल, तर जुळवणीसाठी पाव मीटर जास्त लागलं असतं. ३६ इंची पन्हा असता, तर अडीच मीटर घ्यावं लागलं असतं. पॉपलिनला ११ नंबरची नवी सुई लावा. १४ नंबरच्या किंवा बोथट सुईने शिवण गोळा होते आणि ती इस्त्रीनेही सरळ होत नाही.