अतिसंक्षिप्त रूप देऊ नकोस

विश्रामबाग, सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आकृत्यांची पानं मिळाली. चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यातून पलीकडच्या बाजूवरच्या एका बिंदूपर्यंत तिरकी रेघ, चारही एकाच फेऱ्याने, काढून मधल्या चौरसाचं क्षेत्रफळ तू काढलंस, ते बरोबर आहे. पुढच्या कोपऱ्यापासून बाजूचा अर्धा भाग घेतला की मधला अख्ख्या चौरसाचा १/५, तिसरा हिस्सा घेतला की २/५, चौथ्याला ९/१७, पाचव्याला ८/१३. "यात काही क्रम दिसत नाही," असं लिहिलंयस. क्रम आहे, पण अतिसंक्षिप्त रूप देताना तो पुसला गेला. परीक्षेत ते द्यावंच लागतं, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. शोध चालू असताना मात्र तो हात आवर. २/५ च्या जागी ४/१० ठेव, ८/१३ च्या जागी १६/२६. आता वाच: १/५, ४/१०, ९/१७, १६/२६. वर १, २, ३, ४ चे वर्ग, आणि खाली २, ३, ४, ५ च्या वर्गांत एकेक मिळवलेला.

दुसरी गोष्ट एककाची. आपल्याकडे शेताची वाटणी करताना कुणी "सात चाळीसांश एकर" म्हणत नाही, सात गुंठे म्हणतात. तुझ्या आकृतीतही तिचा स्वतःचा गुंठा आहे: कडेचा चिमुकला त्रिकोण. त्याला १ मान. एकूण नऊ तुकडे आहेत: चार चिमुकले त्रिकोण, चार चौकोन आणि मधला चौरस. तू फक्त मधल्याकडे पाहत होतीस.

कारण असं. चौरस अबकड, बाजू म. अ पासून बक वरच्या प पर्यंत रेघ, बप = १, म्हणजे बाजूचा म-वा हिस्सा. अबप या काटकोन त्रिकोणाच्या बाजू म आणि १, म्हणून कर्णाचा वर्ग म²+१. ब मधून निघालेली रेघ म्हणजे हीच रेघ पाव फेरा फिरवलेली, म्हणून ती अप ला काटकोनात छेदते. तिथे प पाशी जो चिमुकला त्रिकोण होतो त्याचा कर्ण बप, म्हणजे १. दोन्ही त्रिकोण समरूप. समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं कर्णांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, तेव्हा चिमुकला १ तर मोठा म²+१. मोठ्याच्या दोन टोकांना एकेक चिमुकला बसलाय. ते काढले की चौकोन उरतो, म²−१. अख्खा चौरस अशा २म मोठ्या त्रिकोणांएवढा, म्हणजे २म(म²+१). बाकीचे तुकडे वजा केलेस की मधल्याला २म(म−१)² येतं.

आता ताळा कर. म = २ असताना चिमुकले ४ + चौकोन १२ + मधला ४ = २०. म = ३ असताना ४ + ३२ + २४ = ६०. म = ४ असताना ४ + ६० + ७२ = १३६. चौकोनांची क्रमिका ३, ८, १५, २४. मधल्या चौरसाची ४, २४, ७२, १६०. एकाच आकृतीतून निघालेल्या या क्रमिका एकमेकींचा हिशेब तपासतात, हे मला फार आवडतं.

ग्राफपेपरवर एकदा हातानेही काढ. बाजू १० घरं घे. म = २ ला मधल्या चौरसाचे कोपरे (८,४), (६,८), (२,६), (४,२) अशा नेमक्या फुल्यांवर येतात; मधला २० घरं, चौकोन १५, चिमुकला ५. म = ३ ला बाजूवरचा बिंदू फुलीवर येत नाही, तरी कोपऱ्यातून निघालेली रेघ बरोबर (९,३) मधून जाते. मधला चौरस पुरती ४० घरं, आणि चिमुकला त्रिकोण १ पूर्णांक २/३! कागदाची घरं हे इथलं खरं एकक नव्हे, ते असं डोळ्यांना दिसतं.

तू ओईआयएस या संख्यांच्या क्रमिकांच्या कोशाबद्दल विचारलंस. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये क्रमिका जमवायला सुरुवात केली, १९९६ पासून तो कोश इंटरनेटवर आहे, आणि आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत. जरूर वापर, पण सिद्धता हातात आल्यावर. ३, ८, १५, २४ टाकलंस तर ढीगभर क्रमिका समोर येतील. त्यातली तुझी कोणती, हे तुझी आकृतीच सांगेल. नुसत्या जुळण्यावर भिस्त ठेवू नये याचं जुनं उदाहरण वर्तुळाचं आहे. परिघावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना जोडले की भाग पडतात १, २, ४, ८, १६. सहाव्या बिंदूला सगळे ३२ म्हणतात. कोणत्याही तीन जीवा आत एका बिंदूत मिळू न देता काढून मोज, जास्तीत जास्त ३१ भरतात.

"हे करून पुढे काय?" या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एकच नाव आहे: द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता ते आयुष्यभर अंकांशी खेळले, आणि ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. नोकरीचा अभ्यास सोडू नकोस, त्याच्या शेजारी ही वहीही चालू ठेव.

आता त्रिकोण घे. प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत रेघ, तिन्ही एकाच फेऱ्याने. मधल्या त्रिकोणाला १/७ येईल. चौथा, पाचवा, सहावा हिस्सा घेतलास की ४/१३, ९/२१, १६/३१. ९/२१ ला ३/७ करू नकोस. त्रिकोणाच्या पहिल्या, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या, आकृतीत चिमुकल्या त्रिकोणाला १ मानलं की एकूण २१ एककं आहेत: तीन त्रिकोण १ चे, तीन चौकोन ५ चे, मधला ३ चा. इथे काटकोन नाही, म्हणून वरची युक्ती जशीच्या तशी चालणार नाही; समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात, तिथून सुरुवात कर. चौथ्या हिश्शाला चौकोन ११ चा येतो का ते बघ, आणि पान पाठव. तासगावहून येणं जमलं तर रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
सर