गाय, वंशावळ आणि मॅट्रिक्स: पशुपैदाशीच्या संख्याशास्त्रात करिअर करायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स आणि अ‍ॅनिमल ब्रीडिंगमधल्या करिअरबद्दलचे प्रश्न बरेच साठले होते. सारखे सारखे होते ते एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत. विषय ज्यांना अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी एका ओळीत: कुठल्या जनावराची पुढची पिढी सरस निघेल हे नोंदी, वंशावळ आणि डीएनए वापरून आकड्यात सांगायचं, एवढंच आमचं काम.

प्रश्न: सर, मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतोय. गुराढोरांशी आयुष्यात कधी संबंध आला नाही. या फील्डमध्ये पीएचडी मिळेल का, की हे व्हेट लोकांचंच राज्य आहे?

मिळेल की. या विषयाचा पायाच मुळात गणितवाल्यांनी घातलाय. मेंडेलचे वाटाणे आणि उंचीसारखे सलग बदलत जाणारे गुण यांचा मेळ कसा बसतो हे रोनाल्ड फिशरने १९१८ मध्ये दाखवलं, तिथून सगळी गाडी सुरू झाली. रेमल, म्हणजे आज जो तो डोळे मिटून वापरतो ती व्हेरियन्स (एकूण फरकात कोणत्या कारणाचा किती वाटा) काढायची पद्धत, पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडली ती लहानमोठे ब्लॉक असलेल्या प्रयोगांसाठी, गाईंसाठी नाही. शेल सर्ल हा न्यूझीलंडचा गणिताचा माणूस, तिथल्या डेअरी बोर्डात स्टॅटिस्टिशियन होता, मग अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत चार्ल्स हेंडरसनकडे आला (ब्लप, म्हणजे नोंदी आणि वंशावळ मिळून जनावराची आनुवंशिक किंमत काढायची पद्धत, ती याच हेंडरसनची) आणि पुढे व्हेरियन्स कंपोनंट्समधला मोठा माणूस झाला. तेव्हा दार उघडं आहे.

पण एक सांगतो, गणितवाले इथे अडखळतात ते गणितात नाही, आकडा आला कुठून या प्रश्नावर. फाइलमध्ये दूध लिहिलंय २४ किलो, ठीक, पण कितव्या वेताचं, व्यायल्यावर कितव्या दिवशी मोजलेलं, सकाळचं एकट्याचं की दोन्ही वेळचं मिळून, आणि त्या गोठ्यात त्या सीझनला तिच्या बरोबरीच्या किती गाई होत्या? गोठा-वर्ष-सीझनच्या गटात ती एकटीच असेल तर तिची नोंद तुलनेला काही कामाची नाही, मॉडेल ती मुकाट्याने गिळून टाकतं, ना एरर ना वॉर्निंग. आणि मालकाने लाडक्या गाईला जास्त खुराक घातला असेल तर ते जास्तीचं दूध मॉडेल तिच्या जीन्सच्या खात्यावर जमा करतं, कारण खुराकाचा कॉलमच फाइलमध्ये नसतो.

अजून एक नमुना देतो म्हणजे कळेल मी कसल्या गोष्टींबद्दल बोलतोय. ब्लपएफ९० नावाचा प्रोग्रॅम आमच्याकडे घरोघरी वापरतात, त्यात शून्य म्हणजे 'नोंद नाही' असं मुळातच ठरलेलं आहे. आता वासरू जगलं तर १ आणि मेलं तर ० असा डेटा घेऊन कोणी बसलं तर सगळी मेलेली वासरं गायब! म्हणून तिथे १ आणि २ असं लिहायचं, किंवा ऑप्शन देऊन शून्याचा तो अर्थ बदलायचा. हे कुठल्या थिअरीच्या तासाला शिकवत नाहीत. नोंदी घेणाऱ्या माणसाबरोबर चार दिवस उभं राहा, नुसतं बघा तो काय लिहितो आणि काय लिहायचं सोडून देतो, त्याचा पुढे फार उपयोग होतो.

प्रश्न: मी व्हेट आहे, प्रॅक्टिस सोडून रिसर्चकडे वळायचंय. गणित बारावीनंतर सुटलं. मॅट्रिक्स बघितलं की धडकी भरते. कुठून सुरू करू?

कागद-पेन्सिलपासून. सॉफ्टवेअर नंतर.

दहा जनावरांची वंशावळ बनवा, एखाद्याचा बाप माहीत नाही, एखाद्याची आईही माहीत नाही, अशी खऱ्यासारखी. त्यावरून नात्यांचं मॅट्रिक्स (कोणाचं कोणाशी किती नातं, त्या आकड्यांचा चौकोनी तक्ता) हाताने भरा: आई-लेक अर्धं नातं, सावत्र भावंडं पाव, वगैरे. मग गंमत बघा. आपल्याला समीकरणांत या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स (व्यस्त मॅट्रिक्स) लागतो आणि लाखो जनावरांच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढायचा म्हणजे जीव जातो, पण हेंडरसनने १९७६ मध्ये दाखवलं की मूळ मॅट्रिक्स न बनवताच तो इन्व्हर्स वंशावळीवरून थेट लिहिता येतो. दोन्ही पालक माहीत असतील (आणि ते स्वतः इनब्रेड, म्हणजे नात्यातल्या जोडीपासून झालेले नसतील) तर जनावराच्या स्वतःच्या चौकटीत २ मिळवा, जनावर आणि पालक यांच्या चौकटींत -१, आणि पालक-पालकांच्या चारही चौकटींत ०.५. एकच पालक माहीत असेल तर हेच आकडे ४/३, -२/३ आणि १/३ होतात. कोणीच माहीत नसेल तर स्वतःच्या चौकटीत १, संपलं. हे दहा जनावरांसाठी हाताने करा, मग कॉम्प्युटरवर साध्या पद्धतीने इन्व्हर्स काढून ताळा जुळवा. जुळला की धडकी निम्मी कमी होते हे मी बऱ्याच व्हेट विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय. लाखो गाईंचं ब्लप चालतं ते या एका युक्तीच्या जोरावर.

त्यानंतर लिनियर मॉडेल्स, फिक्स्ड आणि रँडम इफेक्ट्स, आणि आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा. याच क्रमाने. प्रोबॅबिलिटीची जाडजूड पुस्तकं आधी घेऊन बसू नका, कंटाळून सोडून द्याल. आणि तुमचं व्हेट असणं कमी लेखू नका हो, कासदाहाच्या नोंदीत 'आजारी नाही' आणि 'डॉक्टरला बोलावलंच नाही' यातला फरक तुम्हाला एका नजरेत दिसतो, तो गणितवाल्याला सांगावा लागतो.

प्रश्न: जीनोमिक सिलेक्शन येऊन गेलं, आता मशीन लर्निंग. पाच वर्षं पीएचडी करून बाहेर पडेपर्यंत या फील्डमध्ये करण्यासारखं काही उरेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर.

आधी काय झालं ते बघू. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलं की एकेक महत्त्वाचा जीन शोधत बसण्याऐवजी जीनोमभर पसरलेल्या हजारो मार्कर्सना (डीएनएमधल्या अशा खुणा जिथे जनावराजनावरांत फरक असतो) एकदम मॉडेलमध्ये घ्या आणि सगळ्यांची बेरीज करून ब्रीडिंग व्हॅल्यू, म्हणजे जनावर पुढच्या पिढीला काय देईल तो आकडा, काढा. तेव्हा एवढे मार्कर्स मोजणारी चिप बाजारात नव्हतीच, म्हणजे पद्धत आधी आली आणि यंत्र मागाहून. पुढे पन्नासेक हजार मार्कर्सची गाईंची चिप आली आणि जानेवारी २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ जातीची जीनोमिक मूल्यमापनं अधिकृत झाली. आधी वळूची परीक्षा म्हणजे त्याच्या मुली जन्माला येऊन, मोठ्या होऊन, व्यायल्या आणि दूध द्यायला लागल्या की मग निकाल, तोवर वळू पाच-सहा वर्षांचा. आता गोऱ्हा लहान असतानाच अंदाज मिळतो, अचूकता थोडी कमी पण पिढ्यांमधलं अंतर इतकं घटलं की वर्षाला होणारी प्रगती वाढते. पिढीमागची प्रगती भागिले पिढ्यांमधलं अंतर, सगळा खेळ त्या भागाकाराचा आहे.

मग उरलं काय? बरंच उरलं, आणि त्यातलं काही तर जीनोमिक्सनेच नव्याने निर्माण केलं. निवड वेगाने व्हायला लागली की इनब्रीडिंगही वेगाने वाढतं. जीनोमवर बघून आधीच गोऱ्हे गाळले जातात, त्यामुळे ज्यांच्या मुलींच्या नोंदी शेवटी येतात ते वळू सरसकट सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात आणि जुनी समीकरणं वाकडी उत्तरं द्यायला लागतात. चारा किती खाल्ला, मिथेन किती सोडला असे गुण मोजायला महाग, मोजमाप झालेली जनावरं थोडी आणि अंदाज हवा लाखोंचा. गोठ्यातले सेन्सर दर मिनिटाला आकडे ओततायत आणि त्यातून आनुवंशिक अर्थ असलेला गुण कोणता काढायचा हे ठरवायला माणूस हवाच आहे.

आणि नुसत्या मोजणीतून काय हाती लागतं बघा. पॉनी फार्म अर्लिंडा चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू होता, जन्म १९६२चा, त्याचं रक्त जगभरच्या होल्स्टीनमध्ये पसरलं. २०११ मध्ये व्हॅनरॅडन आणि सहकाऱ्यांनी हजारो जनावरांच्या जीनोटाइपमध्ये (मार्कर्सच्या नोंदींमध्ये) उलटाच शोध घेतला: कोणता हॅप्लोटाइप (डीएनएचा एकत्र वारशाने येणारा तुकडा) इतका कॉमन आहे की त्याच्या दोन प्रती असलेली जनावरं भरपूर सापडायला हवीत, पण एकही सापडत नाही? चीफकडून आलेला एक तुकडा तसा निघाला. दोन प्रती असलेले गर्भ पोटातच मरत होते, आणि शेतकऱ्याला दिसायचं एवढंच की गाय गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. दोष कुठल्या जीनमध्ये आहे ते नंतर कळलं. नसलेली जनावरं मोजून लागलेला शोध आहे हा, मला आजही भारी वाटतो.

मशीन लर्निंगचं म्हणाल तर शिका, नक्की शिका, फोटो आणि सेन्सरच्या डेटावर ते खरंच कामाचं आहे. पण ब्रीडिंग व्हॅल्यूच्या अंदाजात साध्या बेरजेच्या मॉडेलला मागे टाकणं वाटतं तेवढं सोपं नाही, कारण आईबापांकडून पुढे जातं त्यातलं बहुतेक बेरजेचंच असतं. आणि आमच्याकडे पळवाट नाही. जुना डेटा ठेवायचा, शेवटच्या चार वर्षांच्या नोंदी झाकायच्या, अंदाज काढायचा, मग मुलींच्या खऱ्या नोंदी त्या अंदाजावर रिग्रेस करायच्या, म्हणजे अंदाज एकाने वाढला की नोंद कितीने वाढते ते बघायचं. उतार १ च्या जवळ हवा. ०.८ आला तर तुम्ही तुमच्या टॉपच्या वळूंना फुगवून सांगताय, मग मॉडेलचं नाव कितीही भारदस्त असो. पेपर परीक्षण करताना मी हा आकडा आधी शोधतो.

प्रश्न: माझ्या थीसिसमध्ये फर्टिलिटीची हेरिटॅबिलिटी (एकूण फरकातला आनुवंशिक वाटा) ०.०४ आली. गाइड म्हणतात ट्रेट (गुण) बदला, यात काही होणार नाही. दोन वर्षं गेलीत हो माझी.

आधी स्टँडर्ड एरर, म्हणजे आकडा किती डळमळीत आहे त्याचं माप, बघा. ०.०४ आणि एरर ०.०१ असेल तर ठीक, एरर पण ०.०४ असेल तर तुमच्या डेटाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाहीये, ती वेगळी अडचण. पण आकडा पक्का असेल तर तो अगदी अपेक्षित आहे, दुधाळ गाईंमध्ये फर्टिलिटीच्या गुणांची हेरिटॅबिलिटी ०.०५ च्या आतबाहेरच असते.

आता 'काही होणार नाही' हे तपासू. वळूच्या अंदाजाची विश्वासार्हता म्हणजे मुलींची संख्या भागिले (मुलींची संख्या अधिक के), आणि के म्हणजे ४ वजा हेरिटॅबिलिटी, भागिले हेरिटॅबिलिटी. तुमच्या ०.०४ ला के येतो ९९. म्हणजे १०० मुलींवर विश्वासार्हता ०.५०. दुधाची हेरिटॅबिलिटी ०.३ धरली तर तेवढ्याच १०० मुलींवर ०.८९. तुम्हाला ०.८९ गाठायला ८०० च्या आसपास मुली लागतील. कृत्रिम रेतनातल्या चालत्या वळूला ८०० मुली ही काही अशक्य गोष्ट नाही! हेरिटॅबिलिटी कमी आहे ती अवतीभवतीचा गोंगाट प्रचंड आहे म्हणून, वळूवळूंमध्ये फरक नाही म्हणून नाही. मुलींच्या सरासरीत चांगला आणि वाईट वळू यांच्यात गाभण राहायला किती दिवसांचा फरक पडतो तो आकडा थीसिसमध्ये टाका, गाइडना तो दाखवा.

नॉर्डिक देशांनी १९७० च्या दशकापासून फर्टिलिटी आणि आरोग्य निवडीत धरलं. बाकी बऱ्याच ठिकाणी दूध एके दूध चाललं, दूध आणि फर्टिलिटी यांचं आनुवंशिक नातं उलटं, त्यामुळे होल्स्टीनची फर्टिलिटी वर्षानुवर्षं घसरत गेली. अमेरिकेत मुलींच्या गाभण राहण्याच्या दराचं मूल्यमापन २००३ मध्ये सुरू झालं. 'हेरिटॅबिलिटी कमी आहे, सोडून द्या' या सल्ल्याची किंमत आधीच मोजून झालीय. ट्रेट बदलू नका.

प्रश्न: युनिव्हर्सिटी की ब्रीडिंग कंपनी?

डेटा कोणाचा आहे हे विचारा, निम्मं उत्तर तिथे मिळेल. कोंबड्या आणि डुकरांची मूळ पैदास मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे, त्यामुळे तिथला चांगला डेटा बाहेर क्वचितच येतो, त्या प्रजातींवर जीव असेल तर कंपनीत किंवा कंपनीबरोबरच काम करावं लागतं. दुधाळ गाईंत नोंदी अजून बऱ्याच प्रमाणात शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आहेत, तिथे युनिव्हर्सिटीला जागा आहे.

कंपनीत तुम्ही लिहिलेला कोड पुढच्या आठवड्यात कुठली जनावरं ठेवायची हे ठरवतो, ते समाधान वेगळंच. पगारही साधारणपणे बरा. पण पेपर छापायला परवानगी लागते, आणि जॉइन व्हायच्या आधी ती लेखी विचारून घ्या, तोंडी 'हो हो, बघू' म्हणजे नाही. युनिव्हर्सिटीत प्रश्न तुमचा, पण अनुदानामागे पळणं आलं, आणि पोस्टडॉकच्या दोन-तीन वर्षांच्या करारांवर संसार लांबणीवर पडतो, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतोय. पीएचडीनंतर थोडी वर्षं कंपनीत काढून परत आलेले लोक आमच्या विषयात बरेच आहेत, इतर बऱ्याच विषयांत तो परतीचा रस्ता एवढा मोकळा नसतो.

प्रश्न: गाइड निवडताना काय बघावं?

पेपरांची संख्या सोडून बाकी सगळं. जुने विद्यार्थी आज कुठे आहेत, आणि ते गाइडशी बोलतात का. डेटा हातात आहे की 'येणार आहे'. 'येणार आहे' वाला डेटा पीएचडी संपेपर्यंत येतच असतो. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक जे लश, त्यांचा विद्यार्थी लॅनॉय हेझल ज्याने १९४३ मध्ये सिलेक्शन इंडेक्सचा (अनेक गुणांना वजन देऊन काढलेला निवडीचा एकच आकडा) आनुवंशिक पाया मांडला, आणि हेझलच्या हाताखाली तयार झालेला हेंडरसन, अशी ओळ बघितली की वाटतं वंशावळ फक्त गाईंचीच बघायची नसते.

प्रश्न: इथून ह्यूमन जेनेटिक्समध्ये जाता येतं का?

येतं, आणि लोक गेलेत. पीटर व्हिशर पशुपैदाशीतून आलेला, माइक गोडार्ड तर वर आलेल्या २००१ च्या त्रिकुटातलाच. २०१० मध्ये त्यांच्या गटाने ३,९२५ एकमेकांच्या नात्यात नसलेल्या माणसांचे जवळपास २,९५,००० मार्कर्स घेऊन दाखवलं की उंचीतल्या फरकाचा ४५ टक्के भाग या मार्कर्सनी एकत्रितपणे पकडता येतो, तोवर सुटे सुटे सापडलेले जीन्स जेमतेम ५ टक्के समजावत होते. मॉडेल बघाल तर आमचं गाईंचंच, नात्यांचं मॅट्रिक्स तेवढं डीएनएवरून काढलेलं. मात्र माणसांत एका वळूच्या हजार मुली नसतात, कुटुंबं घर आणि राहणीमान पण वाटून घेतात, आणि वेगवेगळ्या समूहांमधले फरक जीन्सच्या नावावर खपायला वेळ लागत नाही. तिथली काळजी वेगळी शिकावी लागते.

प्रश्न: २१व्या शतकात फोरट्रान शिकायचं??

वाचता आलं पाहिजे, लिहिता नाही आलं तरी चालेल. मोठमोठी मूल्यमापनं ज्या प्रोग्रॅम्सवर चालतात त्यातले बरेच अजून फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतच आहेत, आणि कधीतरी मध्यरात्री उत्तर चुकतंय म्हणून ती फाइल उघडावी लागतेच. रोजच्या कामाला आर आणि लिनक्सची कमांड लाइन, जोडीला पायथन किंवा ज्युलिया यातलं एक काहीतरी. दोन्हीच्या मागे लागू नका.