घरचंच आहे मॅडम, त्यानं काय होते?

पोळा जवळ आला, शाळांमध्ये 'टाकाऊतून टिकाऊ' सुरू झालं, आणि माझ्याकडे परत तेच प्रश्न यायला लागले. निम्म्याहून जास्त प्रश्नांच्या शेवटी एकच वाक्य असतं, 'घरचंच आहे मॅडम, त्यानं काय होते?' मी तालुक्याच्या गावात लहान मुलांची डॉक्टर आहे. घरी खेळणी बनवणारे आईबाप मला मनापासून आवडतात, मोबाईल हातात देण्यापेक्षा हजारपट चांगलं. पण घरी बनवलं म्हणजे आपोआप धोका गेला, ह्या समजुतीपायी दरवर्षी लेकरं दवाखान्यात येतात. म्हणून ह्यावेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले.

प्रश्न : मैदा आणि मिठाची खेळायची माती घरी केली तर चालते का? मुलगी तीन वर्षांची आहे, तोंडात घालते.

चालते, आणि छान होते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं कोमट पाणी. रंगाला हळद, बीटाचा रस, पालकाचं पाणी. थोडी जिभेला लागली तर काही बिघडत नाही, खारट लागते म्हणून बहुतेक मुलं थुंकतातच. पण काही मुलं थुंकत नाहीत, गोळाच्या गोळा गिळतात, आणि एवढं मीठ लहान जिवाला झेपत नाही. उलट्या, खूप तहान, सुस्ती, कधी झटकेसुद्धा येतात. तेव्हा पहिले दोनचार दिवस समोर बसून बघा. मुलगी खातच असेल तर मीठ नको, पोळ्यांची कणीक द्या, तेवढ्यापुरती. पावसाळ्यात तीन-चार दिवसांनी बुरशी धरते, फेकून द्यायची, फ्रीजमध्ये ठेवून महिनाभर पुरवायची नाही. मोठा गोळा खाल्ला असं वाटलं तर उलटीची वाट न बघता घेऊन या.

प्रश्न : यूट्यूबवर बघून स्लाईम केला, त्यात कॅरमची पावडर टाकायला सांगतात.

नाही. कॅरमवर टाकायची पावडर बरेचदा बोरिक असते, झुरळं मारायला वापरतात तीच. डबा मुलांच्या हाताबाहेर ठेवा. केलेला स्लाईम फेका, हात साबणानं धुवा, तोंडात गेला असेल तर डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : पेपरच्या लगद्याच्या वाट्या, मुखवटे करायचे आहेत. लहान मुलाला हात लावू द्यावा का?

लावू द्या. खळ गव्हाच्या पिठाची किंवा मेथीच्या पिठाची करा. कीड लागू नये म्हणून जुनी माणसं खळीत मोरचूद, म्हणजे निळं विषारी कॉपर सल्फेट, टाकतात, संत्र्यावाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी तो पडलेलाच असतो, तो अजिबात टाकायचा नाही.

प्रश्न : अंगणवाडीतून सांगितलं का कागदावर डाळी, चणे चिकटवून चित्र करा. माझा पोरगा अडीच वर्षाचा हाय. नातेवाईक म्हणतात अशानं बुद्धी वाढते.

बोटांना वळण लागतं हे खरं. बुद्धीचं राहू द्या, ते कोणीही कशालाही म्हणतं. पण अडीच वर्षाच्या मुलाच्या हाती चणा, तूर, वाटाणा दिला तर तो नाकात जातो. मुद्दाम नाही, त्या वयात भोक दिसलं की त्यात काहीतरी घालून बघायचंच असतं. हरभरा निघायच्या दिवसांत माझ्याकडे अशी मुलं रांगेनं येतात. नाकात चणा भिजतो, फुगतो, मग घट्ट बसतो. कानातही तेच, आणि वरून घरचे तेल किंवा पाणी सोडतात, त्यानं तो आणखीच फुगतो. हेअरपिन, काडी, चिमटा काही घालायचं नाही, तुम्ही तो आत ढकलता. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर सर्दी समजून आठवडाभर सायरप पाजत बसू नका, नाक दाखवा. आणि चणा किंवा शेंगदाणा श्वासनळीत गेला, म्हणजे खाताखाता एकदम ठसका लागला आणि नंतर मूल बरं दिसलं तरी खोकला राहिला, घरघर राहिली, तर त्याच दिवशी या. तीन वर्षांखाली डाळी नकोत, वाळलेली पानं, कापडाचे तुकडे, मक्याची सालपटं चिकटवा. चित्र तितकंच सुंदर होतं.

प्रश्न : जंगलातून गुंजा आणल्या, लाल-काळ्या, लई सुंदर दिसतात. ओवून पोरीले माळ करून देऊ का?

नाही, आणि ज्या ओवल्या असतील त्या आजच काढून घ्या. गुंजेत फार कडक विष असतं. अख्खी गुंज चुकून गिळली तर टणक सालीमुळे बरेचदा तशीच बाहेर पडते, म्हणून लोक म्हणतात आम्ही लहानपणी खेळलो, काही झालं नाही. ओवण्यासाठी तुम्ही तिला भोक पाडता तिथेच ती साल फुटते. मग मुलीनं माळ चघळली तर विष मोकळंच आहे. चंद्रज्योतीच्या बियांचंही हेच, धुऱ्यावर ते कुंपण असतं, बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, एकानं खाल्ली की सगळी टोळी खाते आणि तासाभरात सगळ्यांना उलट्या. एरंडीची बीही त्याच पंगतीतली. पोटात गेली अशी नुसती शंका आली तरी बी सोबत घेऊन दवाखाना गाठा, उलट्या-जुलाब सुरू व्हायची वाट बघू नका.

प्रश्न : कपाशीच्या औषधाची पाच लिटरची कॅन रिकामी झाली. ह्यांनी ती साबणानं तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली अन् कापून पोराले गाडी करून देली. पोरगा दोन वर्षाचा हाय, दिवसभर तीच ओढते. आता वास येत नाही. चालते ना?

ताई, नाही चालत. हे वाचल्यावर आधी ती गाडी काढून घ्या, पोराचे हात-तोंड साबणानं धुवा, मग पुढचं वाचा.

आपल्या भागात हा प्रश्न दरवर्षी येतो. कॅनची गाडी, कॅनमध्ये तुळस, कॅन कापून धान्याचं माप, एका घरी तर पाण्याचा मग केलेला मी डोळ्यांनी पाहिला. कॅन मजबूत असते, फुकट असते, फेकायला जीव होत नाही, सगळं समजतं मला. पण फवारणीचं औषध प्लास्टिकमध्ये मुरतं. वास गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं, वास बरेचदा त्यात मिसळलेल्या द्रावकाचा (औषध विरघळवायच्या पातळ पदार्थाचा) असतो. यातली कितीतरी औषधं कातडीतून अंगात जातात, पिण्याची गरजच नाही. आणि तुमचा पोरगा दहा-बारा किलोचा, मोठ्या माणसाला जेवढ्यानं नुसतं डोकं दुखेल तेवढं त्याला पुरतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कितीतरी धडधाकट शेतकरी आणि मजूर विषबाधेनं गेले, ती तर मोठी माणसं होती आणि त्यांनी काही पिलेलं नव्हतं. हे आपल्याच जिल्ह्यांत झालं, तरी कॅन आपण घरात ठेवतो.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. आपण त्याला 'औषध' म्हणतो. खोकल्याचं पण औषध, कपाशीचं पण औषध. मूल काय समजणार? चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. बापानं शेजाऱ्याकडून थोडं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत मागून आणलं आणि बाजेखाली ठेवलं. मुलानं बाटली ओळखली आणि प्यायला. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढली, मग तूप पाजलं, मग गावात कोणाला तरी दाखवलं, यात तीन तास गेले. तो वाचला, पण आठवडाभर व्हेंटिलेटरवर होता, आणि ते तीन तास मी अजून विसरले नाही. घरात त्याला जहर म्हणा. मुलांसमोर मोठ्यानं म्हणा. आणि खायच्या-प्यायच्या बाटलीत ते एक थेंबसुद्धा ओतायचं नाही.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे 'चालते' असं नाही, कमी जहाल एवढंच. दुकानदार 'हे एकदम सेफ आहे, आपल्याकडंच ऑरगॅनिक आहे' सांगतो, त्याला माल खपवायचा असतो, तुम्ही त्रिकोण बघा. रिकामी कॅन तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाकायचं, मग कॅनला भोकं पाडायची, म्हणजे पुन्हा कोणी वापरणारच नाही. चुलीत जाळायची नाही, धूरही विषारी. पुढे काय करायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं, नाहीतर कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

आणि लेकराला लाळ सुटली, घाम फुटला, उलटी-जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, श्वासाला त्रास, उगाच झोप येते, तर कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, 108 ला फोन करा. उलटी काढायची नाही, मीठ-पाणी नाही, दूध नाही, तूप नाही. मिठाच्या पाण्यानंच मुलं गेलेली आहेत. डबा सोबत आणा किंवा लेबलचा फोटो काढा, कारण कोणतं विष त्यावर इलाज ठरतो, एकाला ॲट्रोपिन लागतं, दुसऱ्याला त्याचा उपयोग नसतो. उंदराच्या पेस्टचं तर आणखी वाईट, एक-दोन दिवस मूल हसतं-खेळतं दिसतं आणि मग लिव्हर बसतं, तेव्हा 'बरं आहे' म्हणून थांबू नका. जवळ सोय नसेल तर सेवाग्राम, यवतमाळ, नागपूरचं मेडिकल, जे लवकर पोचेल ते. तुमच्या पोराला आता काही त्रास नसला तरी एकदा दाखवून जा.

प्रश्न : जुन्या रिमोटमधले गोल सेल काढून दिव्याचं खेळणं केलं तर?

त्या चपट्या सेलपासून लहान मुलांना लांब ठेवा. अन्ननळीत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून जाळतो. 'शीतून निघून जाईल, केळं द्या' असं सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही, नाणं गिळलं आणि सेल गिळला यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लगेच एक्स-रे, रात्र असली तरी. मोठ्या भावंडांसाठी करायचंच तर सेल ठेवायला असा डबा घ्या ज्याचं झाकण स्क्रूनं बंद होतं.

प्रश्न : सासरे लाकडी पांगुळगाडा करून देतो म्हणतात, मिस्टर म्हणतात दुकानातला वॉकर घेऊ.

सासऱ्यांचा. बाळ स्वतः उभं राहून ढकलतं, तो चालायला मदत करतो, फक्त उतार आणि पायऱ्यांपासून लांब, सोबत माणूस. बसायचा चाकाचा वॉकर मात्र नको, बाळ चुलीपर्यंत, पायरीपर्यंत सेकंदात पोचतं आणि चालायला लवकर शिकतही नाही. कॅनडात 2004 पासून त्यावर बंदी आहे. 'लवकर चालेल' ही विकणाऱ्यांची भाषा आहे. दीड वर्ष झालं आणि बाळ चालतच नसेल तर वॉकर आणू नका, बाळ आणा.

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी घरीच लाकडाचा बैल केला. शिंगाला लावायचा ऑइलपेंट उरलाय, तोच लावू का? दुकानात 'हर्बल' रंगपण आहेत. पोरगं दीड वर्षाचं, सगळं चावते.

ऑइलपेंट नको. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं चालत नाही, पण कोपऱ्यातला डबा कधीचा आहे कोणाला माहीत, आणि शिसं मेंदूला इजा करतं, बाहेरून काही दिसतही नाही. 'हर्बल' लिहायला कोणी अडवत नाही, तो शब्द वाचून पैसे देऊ नका. विकतचं खेळणं असेल तर आयएसआय मार्क बघा, 1 जानेवारी 2021 पासून तो बंधनकारक आहे.

तुमच्या बैलाला रंगच कशाला हवा? पॉलिश पेपरनं नीट घासा, बोट फिरवून कुसळ नाही ना बघा, खोबरेल चोळा, सागाचा असेल तर काय सुंदर चमकतो. रंग हवाच तर फाल्गुनात वाळवलेली पळसाची फुलं उकळून त्याचं पाणी लावा, पिवळसर-केशरी येतं, चाटलं तर फिक्कं होईल, पुन्हा लावा. शिंगं, डोळे, घुंगरू खिळ्यानं ठोकू नका, सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान काहीही सुटं होणार नाही असं बघा. चाकं जोरात ओढून पाहा. निघत असतील तर यंदा बिनचाकाचा बैल फिरवा, दोरीनं ओढला तरी तो जातोच.