कळव्यात घरी दहावीचे क्लास घेते, ऑनलाइन टेस्टसाठी पैसे भरून ॲप घ्यावं का?

नको, २०-२५ मुलांसाठी गूगल फॉर्म्स पुरतं आणि ते फुकट आहे. सेटिंगमध्ये क्विझ चालू करायचं, बरोबर उत्तरं आणि मार्क आधीच भरून ठेवायचे मग एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) आपोआप तपासले जातात, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की झालं. मी ऐरोलीत सायन्सच्या बॅचला हेच वापरतो, मार्कांची शीटपण त्यातूनच निघते. व्हिडिओ हवे असतील तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपमध्ये स्कॅन करून बघा, तेही फुकटच (विकत घ्यायच्या आधी हे बघत कोणी नाही). फक्त आकृत्या आणि मोठी उत्तरं फॉर्म तपासत नाही, आणि बोर्डाला तर तेच लिहायचंय, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कागदावर पेपर घ्याच.