वाचकांचे प्रश्न : सिम्युलेटरमधलं विमान कसं पारखायचं?

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी बोइंग ७३७-८००चं अ‍ॅड-ऑन (वेगळं विकत मिळणारं विमान) घ्यायचं आहे. व्हिडिओत सगळ्यांचीच कॉकपिट सुंदर दिसतात. आतल्या यंत्रणा खऱ्या आहेत की वरवरच्या, हे कसं ओळखावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : टेकऑफ-लँडिंगचे व्हिडिओ बाजूला ठेवा, इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ शोधा. विमान घेतलंच असेल, तर पैसे परत मिळायची मुदत संपायच्या आत स्वतः करून बघा. एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) आणि त्याचं ब्लीड (त्यातून मिळणारी दाबाची हवा) चालू, पॅक (केबिनची वातानुकूलन यंत्रं) बंद, स्टार्ट स्विच जीआरडीवर (जमिनीवर सुरू करायच्या खुणेवर). एन-टू (इंजिनाच्या आतल्या भागाचा फिरण्याचा वेग, टक्क्यांत) चढू लागतो. तो २५ टक्क्यांवर आला की स्टार्ट लिव्हर (इंधन सोडणारी दांडी) आयडलला. ईजीटी (इंजिनातून निघणाऱ्या वायूचं तापमान) वर जातं, ५६ टक्क्यांच्या सुमारास स्विच खट्‌कन मागे येतो, आणि शेवटी एन-वन (पुढच्या पंख्याचा वेग) साधारण २०, एन-टू ६० टक्क्यांजवळ स्थिरावतो.

एवढं बरीच मॉडेलं करतात. आता दोन्ही इंजिनं बंद करा आणि तेच मुद्दाम चुकवा. एपीयू ब्लीड बंद ठेवून स्विच फिरवा. स्टार्टर हवेच्या दाबावर फिरतो. दाबच नसेल तर एन-टू जागचा हलता कामा नये. हलला, तर आत न्यूमॅटिक (हवेच्या दाबाची) यंत्रणाच नाही, नुसते आकडे चढवले आहेत, असं खुशाल समजा. मग ब्लीड चालू करा, पण पॅकही चालू राहू द्या. हवा दोन्हीकडे वाटली जाते, म्हणून डक्ट प्रेशर (नळ्यांमधला हवेचा दाब) कमी दिसायला हवं आणि एन-टू रेंगाळायला हवा. आमच्या मते या दोन चाचण्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातात.

मग हवेत. १०,००० फुटांवर फ्लॅप आत, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल बंद, २२० नॉटला ट्रिम (हात न लावता तोच वेग टिकेल असं संतुलन). पॉवर तशीच ठेवून नाक जरा दाबा, वेग २३० होऊ द्या आणि योक (विमानाचं सुकाणू) सोडा. नाक आपणहून वर यायला हवं आणि वेग थोडा खालीवर होत २२०कडे परतायला हवा. लँडिंगला वजन ६० टन आणि फ्लॅप ३० असताना व्हीरेफ (उतरतानाचा संदर्भ वेग) १४१-१४२ नॉटच्या आसपास यावा. ग्लाइडस्लोपवर (धावपट्टीकडे उतरायच्या ठरलेल्या उतारावर) नाक क्षितिजाच्या अडीचेक अंश वर असावं. नाक खाली झुकवूनच उतरावं लागत असेल, तर फ्लॅपच्या लिफ्टचं गणित बिघडलेलं आहे. क्रूझला दोन्ही इंजिनं मिळून ताशी साधारण २,४०० किलो इंधन जातं, तेही ताडून बघा.

प्रश्न : हातानं उडवताना एकदम पॉवर दिली की ७३७चं नाक वर उसळतं. मॉडेलमध्ये दोष आहे का?

उत्तर : नाही, उलट ते बरोबर आहे. इंजिनं पंखाखाली टांगलेली असल्यानं त्यांचा रेटा नाक उचलतो. योक पुढे दाबून लगेच ट्रिम करा. एअरबस ए३२०मध्ये मात्र नॉर्मल लॉमध्ये (नेहमीच्या नियंत्रण पद्धतीत) संगणक हे सावरून घेतो. तिथे चाचणी वेगळी : ४५ अंश कलवून साइडस्टिक (बाजूची नियंत्रण दांडी) सोडा, विमान ३३ अंशांवर परत यायला हवं.

प्रश्न : नवं विमान घेतल्यापासून फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडला.

उत्तर : तोच विमानतळ, तेच पार्किंग, तीच वेळ आणि तेच हवामान ठेवून सिम्युलेटरच्या मूळ विमानाशी तुलना करा. डेव्हलपर मोडमधल्या एफपीएस (फ्रेम रेट दाखवणाऱ्या) खिडकीत मेन थ्रेडची मर्यादा दिसली, तर भार प्रोसेसरवर आहे. टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) कमी करून फारसा फरक पडणार नाही. ग्राफिक्स मेमरी भरलेली दिसली, तरच कॉकपिटची हलकी टेक्स्चर घाला.