नव्या लॅपटॉपवर विंडोज ७? भाऊ, आधी डोंगलच्या पिना मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि माझ्या दोन रात्री वाया गेल्या होत्या त्या पण आठवल्या. म्हणजे मला कळलं ते असं, उदगीरला काकांचा छापखाना, जुना डेस्कटॉप ऐन लग्नसराईच्या तोंडावर आचके द्यायलाय, तुम्ही विंडोज ११ वाला नवाकोरा लॅपटॉप आणलाय, आणि काका म्हणायलेत की ते ११ काढ आणि ७ टाक, कारण पेजमेकर ७ (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच नीट चालतं आणि इतक्या वर्षांच्या पत्रिका त्याच फाइलीत आहेत. काकांचं दुखणं खरं आहे, औषध तेवढं चुकीचं आहे.

मी २०१८ ला लातुरात हाच उद्योग केलाय. गिऱ्हाईक असंच डीटीपीवालं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणारं, लॅपटॉप इंटेलच्या आठव्या जनरेशनचा. पेनड्राइव्ह केला, बूट झालं, ती निळी स्क्रीन आली भाषा निवडा म्हणून, आणि माउस मेला. टचपॅड मेलं. दुसरा माउस लावला, तो पण मेला. लॅपटॉपचा कीबोर्ड तेवढा चालत होता, मग टॅब-एंटर, टॅब-एंटर करत पुढं गेलो तर म्हणतंय सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. आता त्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नव्हता! मी येड्यासारखा दोन तास सीडीचा ड्रायव्हर शोधत बसलो. खरी भानगड अशी की विंडोज ७ आलं २००९ ला, त्याला यूएसबी ३ ओळखताच येत नाही, आणि इंटेलनं सहाव्या जनरेशनपासून जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला, म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून ते सुरू झालं तोच पेनड्राइव्ह त्याला पुढं दिसत नाही. मग यूएसबी ३ चे आणि एनव्हीएमईचे (नव्या जातीच्या डिस्कचे) ड्रायव्हर सेटअपच्या फाइलीत घुसवावे लागतात, अशा दोन फाइली असतात, ते मी इन्स्टॉल डॉट विममध्ये घातले आणि सेटअप जिच्यातून सुरू होतं ती बूट डॉट विम विसरलो, त्यात दुसरी रात्र गेली. एवढं करून ७ चढलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होईना, झाकण लावलं की परत उठेना. आठ दिवसांत गिऱ्हाईक परत दारात.

आणि तेव्हा निदान बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जुन्या पद्धतीनं बूट करायचा लेगसी म्हणजे सीएसएम हा पर्याय तरी होता. आताच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये तो काढूनच टाकलाय, नुसती बूटची नवी पद्धत, यूईएफआय. त्यावर ६४ बिट ७ 'स्टार्टिंग विंडोज'वर जाऊन गोठतं आणि ३२ बिट ७ तर यूईएफआयवर बूटच होत नाही. आणि काकांना पाहिजे असणार ३२ बिटच, कारण जुन्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर कधीकधी १६ बिटचे असतात, ते ६४ बिट विंडोज घेतच नाही, मग ते ७ असो का ११. वरून ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोम १०९ वर अडकलं, म्हणजे त्याच मशीनवर बँकेचं काम करणार असाल तर उगं नस्ती आफत.

विंडोज १० टाकू का, हे पण विचारलंय तुम्ही. चढेल. नव्या इंटेल लॅपटॉपवर सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही कधीकधी, तेव्हा घाबरायचं नाही, इंटेलचा स्टोरेजचा ड्रायव्हर, ज्याला आयआरएसटी म्हणतात, पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' करायचं. पण १० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, नाव नोंदवलं तर वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यापुढं परत हीच रड. आणि ११ वर जे चालत नाही त्यातलं बहुतेक ६४ बिट १० वर पण चालत नाही, मग खटाटोप कशासाठी?

म्हणून माझं म्हणणं, ११ ला हात लावू नका. आधी पेजमेकर सरळ ११ वरच टाकून बघा, बऱ्याच जणांचं चालतंय. अडतं ते शक्यतो फॉन्टच्या सॉफ्टवेअरपाशी आणि त्याच्या डोंगलपाशी (सॉफ्टवेअर खरेदीचं आहे हे ओळखायला पोर्टला लावायची किल्ली), कारण डोंगलचा जुना ड्रायव्हर ३२ बिटचा असतो. तिथं अडलं तर व्हर्च्युअलबॉक्स घ्या, ते ११ च्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करतं, फुकट आहे, आणि त्याच्या आत ३२ बिट विंडोज ७ टाका. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या विंडोजला जुन्या जमान्याचं हार्डवेअर दाखवतं, त्यामुळं वर सांगितलेली एकही कटकट होत नाही, अर्ध्या तासात ७ चढतं. २ जीबी रॅम द्या, ४० जीबीची डिस्क द्या, पेजमेकरला तेवढं रग्गड झालं. नेटवर्क बंदच ठेवा, त्या आतल्या ७ ला इंटरनेटशी काय करायचंय. आतल्या ७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सचेच गेस्ट ॲडिशन्स हे ड्रायव्हर टाकून आतबाहेर दोन्हीकडं दिसणारं एक शेअर्ड फोल्डर करा, फाइलींची ने-आण त्यातून.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजचं स्वतःचं असंच सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, मधे आलंय म्हणून स्पीड कमी आहे. लोक त्या कासवाच्या मागं दिवस घालवतात. पेजमेकर कासवावर पण पळतं, सोडून द्या. सुरूच होईना तर मात्र बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. आणि थांबा, बायोसमध्ये बोट घालायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आपल्याला पत्ता नसतो, आणि सिक्युअर बूट वगैरे हलवलं की ४८ आकडे मागतं. ते नसले तर डेटा गेला समजा.

छपाई आतून करू नका. आत एक पीडीएफ प्रिंटर टाका, पीडीएफ बनवा, शेअर्ड फोल्डरात टाका आणि बाहेर ११ मधून छापा, नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर ७ ला मिळो ना मिळो. फक्त पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करायचं, म्हणजे फाइलीतच घालायचं, विसरू नका, नाहीतर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजीतली अक्षरं आणि डॉलर-टक्क्यांची खिचडी दिसेल, कारण ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी चित्रं बसवलेली आहेत. आमच्याकडं एकदा एका पाहुण्याच्या पत्रिकेची अशी खिचडी झाली होती, नवरदेवाचं नाव सोडून सगळं वाचता येत होतं, कारण नाव तेवढं वेगळ्या फॉन्टमध्ये होतं.

सगळं बसलं की स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर त्या जागी परत येता येतं, मशीन बंद करून त्याचं अख्खं फोल्डर एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. उद्या हा लॅपटॉप पण गेला तरी ते फोल्डर दुसऱ्यावर टाकलं की काकांचा छापखाना सुरू.

विंडोज ७ ची की म्हणाल तर काकांकडं रिटेल डबा असेल तर हलवता येते, डेस्कटॉपच्या पाठीवर चिकटवलेली ओईएमवाली (मशीनसोबत आलेली) असेल तर ती नियमानं त्याच मशीनची. पण ते की नसताना विंडोज चालवणारं ॲक्टिव्हेटर-बिक्टिव्हेटर पेनड्राइव्हवर घेऊन कुणी आलं तर चहा पाजून वाटेला लावा. माझ्याकडं एका दुकानातून 'सगळे ड्रायव्हर एकत्र' असली एक सीडी आली होती, ड्रायव्हर दोन निघाले आणि जाहिराती पाचपन्नास.

आता डोंगल. ते यूएसबीचं असेल तर काम सोपं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबीच्या यादीत त्याला टिक करा, आतल्या ७ ला ते थेट मिळतं. पण २५ पिनांचं जाड असेल, जे डेस्कटॉपच्या मागं प्रिंटरच्या पोर्टला स्क्रूनं आवळलेलं असतं, तर बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल वायर घेऊन पैसे घालवू नका, ती प्रिंटरपुरती असते, डोंगल त्यातून ओळखलं जात नाही. अशा वेळी एलपीटी म्हणजे त्याच २५ पिनांच्या पोर्टवाला जुना डेस्कटॉप हजार-दोन हजारात मिळाला तर घ्या, जुनी हार्डडिस्क क्लोन करून त्यात लावा, आणि लॅपटॉप बाकीच्या कामाला.

आणि हे सगळं करायच्या आधी, आज रात्रीच, तो आचके देणारा डेस्कटॉप चालू आहे तोवर पत्रिकांच्या फाइली, फॉन्टचं फोल्डर आणि सेटअपच्या सीड्या कॉपी करून घ्या. मग डोंगलचा फोटो टाका, पिना दिसतील असा, बाकीचं तेव्हा बघू.